ऑटिझमवर 'स्टेम सेल'ची जाहिरात दिसली? पैसे भरायच्या आधी काय तपासायचं आणि तक्रार कुठे करायची

मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की पहिले काही आठवडे घरात कुणी धड झोपत नाही, सगळे आपापल्या मोबाइलवर शोधत बसलेले असतात. 'तीन वर्षांचा मुलगा बोलत नाही', 'हाक मारली तर बघत नाही' असं दोन-चार वेळा टाकलं की दुसऱ्या दिवसापासून फेसबुकवर, इन्स्टावर, यूट्यूबवर तेच यायला लागतं. 'ऑटिझम आता बरा होतो', 'स्टेम सेल थेरपीने मुलगा बोलायला लागला', खाली नंबर भरायचा फॉर्म आणि एका आईचा रडत रडत धन्यवाद देणारा व्हिडिओ.

मी पण एका ऑटिस्टिक मुलाची आई आहे. अशा क्लिनिकांशी फोनवर बोललेय, त्यांच्याकडे कागद मागितलेत आणि शेवटी जाहिरातीची रीतसर तक्रार पण केलीय. पालकांच्या ग्रुपवर नवीन कुणी आलं की तोच प्रश्न विचारतं, दर वेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाला काय द्यायचं हे मी सांगणार नाहीये, जाहिरात कशी तपासायची आणि कुणाला कळवायची एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगते, खालच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. या लोकांशी मेडिकलवर वाद घालत बसू नका, आपण हरतो, त्यांचं रोजचं काम आहे ते. फक्त लेखी मागा. फोनवर जे छातीठोकपणे सांगतात ते कागदावर कुणीच लिहून देत नाही.

जवळ काय ठेवायचं: मुलाचा निदानाचा रिपोर्ट (आयएसएए किंवा कार्स या ऑटिझम मोजायच्या चाचण्यांचा स्कोर असलेला), चालू औषधांची चिठ्ठी, एक वेगळा ईमेल आयडी, मोबाइलमध्ये एक फोल्डर आणि साधी वही. वहीत तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं. बास.

१. फॉर्ममध्ये नंबर भरू नका

जाहिरातीवर क्लिक केलं की फेसबुकचाच फॉर्म उघडतो, त्यात तुमचं नाव-नंबर आधीच भरलेलं असतं, आपण फक्त मुलाचं वय टाकून सबमिट करतो. थोड्याच वेळात फोन. समोरची व्यक्ती स्वतःला 'काउन्सेलर' म्हणवते, खूप गोड बोलते, ताई-दादा करते. बहुतेक वेळा ती डॉक्टर नसते. सरळ विचारा, 'तुम्ही डॉक्टर आहात का, रजिस्ट्रेशन नंबर काय?' तिथेच आवाज बदलतो.

मग सुरू होतं वयाचं. 'पाच वर्षांच्या आत केलं तरच रिझल्ट, नंतर मेंदू सेट होतो मॅडम.' हा सगळ्यात वाईट डाव आहे कारण त्यात थोडंसं खरं मिसळलेलं असतं. लहान वयात सुरुवात केलेली चांगली हे खरंच आहे, पण ते स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), वागणुकीवरच्या थेरपीबद्दल, स्टेम सेलसाठी मणक्यात सुई घालण्याबद्दल नाही. पाठोपाठ 'या महिन्यात दोनच स्लॉट', 'आज बुकिंग केलं तर डिस्काउंट', 'ईएमआय करून देतो'. डिस्काउंटवर ऑपरेशन कुठे असतं हो.

बोलायचंच असेल तर घरातल्या दुसऱ्या सिमवरून व्हॉट्सॲपवर बोला. मुलाचे रिपोर्ट आणि व्हिडिओ पाठवू नका. एकदा गेले की ते कुठे कुठे फिरतील सांगता येत नाही.

२. जाहिरात आधी पकडून ठेवा

हे सगळे विसरतात आणि मग तक्रार करताना हातात काहीच नसतं. रील आज दिसते, उद्या गायब. म्हणून दिसली की लगेच स्क्रीनशॉट, त्यात पेजचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग, शेवटपर्यंत. लिंक कॉपी करून स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा आपोआप होतो.

फेसबुक-इन्स्टाची 'ॲड लायब्ररी' सगळ्यांना उघडी आहे, अकाउंट नसलं तरी बघता येते. तिथे क्लिनिकच्या पेजचं नाव टाका, सध्या चालू असलेल्या जाहिराती, त्या कधीपासून चालू आहेत आणि प्रत्येकीचा लायब्ररी आयडी दिसतो. तो आयडी वहीत लिहा. गूगलचं असंच 'ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर' आहे.

गूगलने सप्टेंबर २०१९ मध्येच जाहीर केलं होतं की सिद्ध न झालेल्या आणि प्रायोगिक उपचारांच्या जाहिराती घेणार नाही, त्यात बहुतेक स्टेम सेल उपचार येतात असं स्पष्ट म्हटलंय. त्यामुळे तिथे थेट जाहिरात दिसली तर रिपोर्ट करा. पण हुशार लोक जाहिरात देतच नाहीत, यूट्यूबवर 'पेशंट स्टोरी' टाकतात, वेबसाइटवर मराठी-हिंदीत लेख टाकतात, पेपरात बातमीसारखी दिसणारी अर्धं पान जाहिरात देतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहितात. ते पण पुराव्यात धरा, पेपरचं पान फाडून तारखेसकट ठेवा.

३. विज्ञान, आपल्याला लागेल तेवढंच

स्टेम सेल (ज्यांपासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) हा शब्द खोटा नाही, म्हणून तर फसायला होतं. रक्ताचा कॅन्सर, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, तो स्टेम सेलचाच उपचार आणि तो मान्यताप्राप्त आहे. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची परिषद) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय की असे रक्ताशी संबंधित मान्य आजार सोडले तर बाकी सगळा वापर प्रायोगिक धरायचा आणि तो फक्त मंजुरी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा. २०२१ मध्ये आयसीएमआरने वेगवेगळ्या आजारांत किती पुरावा आहे याचा आढावाही काढला. आणि डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने डिसेंबर २०२२ मध्ये थेट ऑटिझमबद्दलच सांगितलं: स्टेम सेलची शिफारस नाही, आणि त्याचा प्रचार, जाहिरात, वापर हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन समजावं. हे वाक्य पाठ करून ठेवा. फोनवर नुसतं म्हटलं तरी समोरचा 'मी सिनियरशी बोलून कळवतो' म्हणतो.

ते नक्की करतात काय? बऱ्याच ठिकाणी मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि कमरेत मणक्यातून सोडतात. काही ठिकाणी दुसऱ्याच्या नाळेपासून केलेल्या पेशी देतात. 'स्वतःच्याच पेशी, साइड इफेक्ट शून्य' असं ऐकवतात. भूल आहे, मणक्यात सुई आहे, मग शून्य कसं? डोकेदुखी, उलट्या, इन्फेक्शन, फिट्स अशा गुंतागुंती या प्रकारात नोंदल्या गेल्यात.

आता पुराव्याचं, हे जरा सावकाश वाचा कारण सगळी गोम इथेच आहे. क्लिनिकवाले अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं नाव घेतात. तिथे खरंच संशोधन झालं. २०१७ मध्ये २५ मुलांचा एक छोटा अभ्यास छापून आला, मुलांना त्यांचंच नाळेचं रक्त दिलं होतं, आणि बऱ्याच मुलांमध्ये सुधारणा दिसली. जाहिरातीत हाच येतो. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. मग त्याच लोकांनी १८० मुलांवर मोठा अभ्यास केला, काहींना नाळेचं रक्त आणि काहींना नुसतं दिसायला तसंच काहीतरी, कुणाला काय मिळालं हे पालकांनाही माहीत नाही. तो २०२० मध्ये आला. मुख्य मोजमाप होतं मूल लोकांशी कसं वागतं-बोलतं याचं, त्यात दोन गटांत फरक निघाला नाही. हा दुसरा अभ्यास मला तरी एकाही काउन्सेलरने आपणहून सांगितला नाही.

असं का होतं हे आपल्याला घरातूनच कळतं की. तीन वर्षांचं मूल साडेतीनचं होतं, तेवढ्यात थोडं पुढे जातंच. त्यात लाखो रुपये घातल्यावर आईबाप थेरपी चुकवत नाहीत, मोबाइल बंद करतात, दिवसभर मुलाशी बोलतात, आणि क्लिनिकवाले पण 'सोबत रोज थेरपी कंपल्सरी' सांगतातच. सहा महिन्यांनी मूल दोन शब्द बोललं की श्रेय सुईला. व्हिडिओतली आई खोटं बोलतेय असं मी म्हणत नाही, तिला तसंच वाटत असणार. पण त्या व्हिडिओवरून काहीच सिद्ध होत नाही.

अजून एक, रंगीत पेट स्कॅन. 'आधी इथे निळं होतं, आता बघा हिरवं झालं.' ऑटिझमचं निदान पेट स्कॅनवर होत नाही, मुलाचं बोलणं-वागणं बघून होतं. पेट स्कॅनला रेडिएशन असतं, लहान मुलांना भूलही द्यावी लागते. चित्र बघून भुलू नका.

४. डॉक्टर कोण आहे ते बघा

क्लिनिकचं नाव नाही, डॉक्टरचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर मागा. मग नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये शोधा, महाराष्ट्रातला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर. डिग्री काय, कधीची, ते दिसतं. आयुर्वेद-युनानीवाल्यांचं रजिस्टर वेगळं असतं, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं.

ट्रॅप: नावापुढे लांबलचक फेलोशिपा, परदेशी मेंबरशिपा. त्यातल्या कितीतरी पैसे भरून मिळतात. रजिस्टरमध्ये जी डिग्री दिसते तीच धरायची. दुसरं म्हणजे भिंतीवरचे लोगो, आयएसओ, जीएमपी, 'एफडीए रजिस्टर्ड'. रजिस्टर्ड म्हणजे उपचार मंजूर नाही. लॅबला लायसन्स असणं वेगळं आणि तुमच्या मुलाच्या आजारावर तो उपचार मान्य असणं वेगळं.

डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करायचीच नाही असं २००२ च्या आचारसंहितेत आहे. म्हणजे डॉक्टर स्वतः रीलमध्ये येऊन 'माझ्याकडे या, मूल बरं होईल' म्हणत असेल तर तेवढं एकच तक्रारीला पुरेसं आहे.

५. 'आमची ट्रायल चालू आहे' म्हणाले तर

मग सीटीआरआय नंबर मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही आयसीएमआरची साइट आहे, २००७ पासून चालू आहे, २००९ पासून ट्रायलची नोंद सक्तीची आहे, आणि कुणालाही फुकट बघता येते. नंबर टाकला की आजार कुठला, किती मुलं घेणार, हॉस्पिटल कुठलं, पैसा कुणाचा, एथिक्स कमिटीने होकार दिलाय का, ड्रग कंट्रोलरची (म्हणजे सीडीएससीओ, केंद्राची औषधांना परवानगी देणारी संस्था) परवानगी आहे का, सगळं येतं.

इथे तीन गोष्टी जुळवा. आजार ऑटिझमच लिहिलाय का, कारण गुडघ्याच्या ट्रायलचा नंबर ऑटिझमच्या पालकांना दाखवतात. हॉस्पिटल तेच आहे का. आणि ट्रायल अजून चालू आहे का, का चार वर्षांपूर्वीच बंद झालीय.

सीटीआरआयवर नोंद म्हणजे सरकारची मंजुरी नाही, ती फक्त नोंद आहे. आणि सगळ्यात सोपी कसोटी: पैसे मागतायत का? ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, उलट ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची असते, २०१९ च्या नियमांत तसं आहे. 'ट्रायल आहे पण एवढे लाख भरा' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायला हरकत नाही.

६. हे प्रश्न लेखी पाठवा

ईमेल किंवा व्हॉट्सॲप, फोन नको. जसेच्या तसे कॉपी करा:

नमस्कार. माझ्या मुलासाठी आपण सुचवलेल्या उपचाराबद्दल कृपया लेखी माहिती द्यावी.
– ऑटिझमसाठी या उपचाराला सीडीएससीओची परवानगी आहे का? असल्यास पत्राची प्रत.
– सीटीआरआय नंबर.
– एथिक्स कमिटीचं नाव व नोंदणी क्रमांक.
– पेशी कुणाच्या, कुठल्या लॅबमध्ये तयार होतात.
– जाहिरातीतला यशाचा टक्का कुठल्या अभ्यासातून आला? किती मुलं होती, तुलनेचा गट होता का?
– नॅशनल मेडिकल कमिशनच्या डिसेंबर २०२२ च्या भूमिकेबद्दल आपलं म्हणणं.
– गुंतागुंत झाल्यास खर्च कोण करणार.
– एकूण खर्च, किती वेळा करावं लागेल, पैसे परत मिळण्याचे नियम.

उत्तरं साधारण ठरलेली येतात. 'सर प्रत्यक्ष भेटल्यावर सांगतील.' 'हे सगळं कॉन्फिडेन्शियल असतं.' 'ही प्रोसिजर आहे, औषध नाही, म्हणून परवानगी लागत नाही', हे जरा शिकलेलं उत्तर आहे, पेशींवर फारशी प्रक्रिया करत नाही असं म्हणून ते नियमातून बाहेर राहायला बघतात, पण आयसीएमआरच्या सूचना आणि कमिशनची भूमिका त्याने बदलत नाही. आणि शेवटचं, 'तुमचाच विश्वास नसेल तर मुलाचं कसं होणार ताई'. हे ऐकून पोटात कालवतं, मला माहितीय. उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचा.

फोनवर बोलून झालंच असेल तर एक युक्ती. फोन ठेवल्या ठेवल्या त्याच नंबरवर मेसेज टाका: 'आत्ता आपण सांगितलंत की माझ्या मुलाला नक्की बोलता येईल आणि खर्च अमुक लाख. मी बरोबर समजले ना?' 'हो' आलं तर पुरावा झाला. बहुतेक वेळा मेसेज वाचलेला दिसतो आणि परत फोन येतो. उचलू नका, 'कृपया इथेच लिहा' एवढं पाठवा.

७. संमतीपत्र आधी घरी आणा

कन्सेंट फॉर्म ऐनवेळी भूल द्यायच्या आधी पुढे करतात, तेव्हा कुणी वाचत नाही. 'आम्हाला आधी वाचायला द्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवायचाय' म्हणा. यात हमखास लिहिलेलं असतं की उपचार प्रायोगिक आहे, फायद्याची हमी नाही, पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतलाय. आता जाहिरात काढा आणि शेजारी ठेवा. जाहिरातीत 'बरा होतो', फॉर्ममध्ये 'हमी नाही'. तक्रारीत हे दोन कागद शेजारी-शेजारी लावले की अर्धं काम तिथेच होतं. फॉर्म द्यायला नाही म्हणाले तर ते पण वहीत लिहा.

हेच स्टेम सेलच्या भावंडांनाही लागू आहे, ऑक्सिजन चेंबर, शरीरातले जड धातू काढतो म्हणून देतात ते चिलेशन, 'ब्रेन टॉनिक'चे थेंब. चिलेशनबद्दल आणि ऑक्सिजन चेंबरबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएनेही ऑटिझमच्या पालकांना सावध केलंय. काका-मामांनी फॉरवर्ड केलं तर भांडू नका, 'बघते, त्यांच्याकडून लेखी मागितलंय' म्हणायचं. विषय संपतो.

८. त्याच आठवड्यात खऱ्या ठिकाणी नंबर लावा

हे तपासण्याच्या लेखात कशाला असं वाटेल. पण रिकाम्या हाताने बसलं की ती जाहिरात परत उघडली जाते, म्हणून.

जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणी आणि थेरपी मोफत. गर्दी असते, सगळीकडे सगळे थेरपिस्ट असतीलच असं नाही, तरी नाव घालून ठेवा. मुंबईकरांना वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, बोलणं-ऐकणं यासाठी. नवी मुंबईत खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. शक्य असेल तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनचं दुसरं मत घ्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्यांनाही दाखवा.

यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज लगेच टाका, ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. त्यानंतर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत येतो. क्लिनिकवाले सांगतात त्या रकमेत किती वर्षांची थेरपी होते याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा.

९. पैसे आधीच भरले असतील तर

लाजायचं काहीच कारण नाही, आणि उशीर पण करू नका.

उपचार झाला नसेल तर आजच ईमेलने बुकिंग रद्द करा आणि पैसे परत मागा. ईएमआय केला असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. उपचार झाला असेल तर सगळ्या केस पेपरच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा, २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या. मुलाला ताप, फिट्स, सतत डोकं दुखणं असं काही असेल तर कागदपत्रं राहू देत, आधी हॉस्पिटल, आणि तिथे मणक्यात काय दिलंय ते स्पष्ट सांगा.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, क्लिनिक दुसऱ्या शहरात असलं तरी. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. आता ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर दाखल होते. लागणारे कागद: पावत्या, यूपीआय किंवा बँक स्टेटमेंट, जाहिरात, चॅट, संमतीपत्र, केस पेपर आणि प्रतिज्ञापत्र.

१०. तक्रार, पैसे भरलेले नसले तरी

पुष्कळ जण म्हणतात माझं तर नुकसान झालं नाही, मी कशाला? फसव्या जाहिरातीची तक्रार करायला नुकसान व्हावं लागत नाही.

ॲस्की, म्हणजे जाहिरातवाल्यांचीच मुंबईतली स्वयंनियंत्रण संस्था. सगळ्यात सोपी, व्हॉट्सॲपवर ७७१००१२३४५, फुकट. दंड करता येत नाही त्यांना, जाहिरात बदला किंवा मागे घ्या एवढं सांगतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. याला दात आहेत. २०१९ च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत चेहरा दाखवणाऱ्या सेलिब्रिटीवर, इन्फ्लुएन्सरवर पण बंदी येऊ शकते, पहिल्यांदा एक वर्षापर्यंत. आणि हे कुणी सांगत नाही, पण फसव्या जाहिरातीची लेखी तक्रार तुम्ही तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देऊ शकता, कायद्याच्या १७ व्या कलमात आहे. आवक-जावकला देऊन पोच घ्या. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं.

मेडिकल कौन्सिल. जाहिरात करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध, तो ज्या राज्यात नोंदलेला आहे तिथल्या. सावकाश चालतं, पण डॉक्टर घाबरतात ते यालाच.

एफडीए महाराष्ट्र, म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००२२२३६५. औषध, थेंब, पावडर असं काही विकत असतील तर इथे. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा यासाठीच आहे, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत ज्यांवर इलाजाची जाहिरातच करायची नाही, कॅन्सर, मधुमेह, फिट्स, अर्धांगवायू, मेंदूचे विकार असे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ऑटिझम नावाने त्या यादीत नाही, मेंदूच्या विकारांत धरायचा का यावर ते वाद घालतात, म्हणून तक्रारीत या कायद्यासोबत ग्राहक कायद्याचं कलम २(२८) (फसवी जाहिरात म्हणजे काय ते सांगणारं) पण लिहा. आयुर्वेदिक वगैरे जाहिरात असेल तर मे २०२५ मध्ये सुरू झालेलं आयुष सुरक्षा पोर्टल आहे.

मजकूर लांब लिहू नका, रडगाणं नको. मी असा लिहिते:

'अमुक तारखेला अमुक पेजवर (लायब्ररी आयडी…) ऑटिझम स्टेम सेलने बरा होतो असा दावा दिसला. नॅशनल मेडिकल कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी याची शिफारस नाही असं सांगितलं आहे. क्लिनिककडे लेखी पुरावा मागितला, दिला नाही. स्क्रीनशॉट व चॅट जोडले आहेत. जाहिरात थांबवून कारवाई करावी.'

सीडीएससीओने खरंच परवानगी दिलीय का हे हवं असेल तर आरटीआय ऑनलाइनवर १० रुपयांत विचारता येतं, उत्तराची मुदत ३० दिवस. ते उत्तर आलं की तक्रारीला जोडा, भारी वजन येतं.

तक्रार नंबर वहीत लिहा आणि महिन्याभराने परत ॲड लायब्ररी बघा. बऱ्याचदा जुनी जाहिरात गेलेली असते आणि पेजच्या नावात एखादा शब्द बदलून तोच व्हिडिओ परत चालू असतो, कधी दुसऱ्या शहरात हॉटेलमध्ये 'मोफत शिबिर' म्हणून. नवीन तक्रार करा, त्यात पहिल्या ओळीत जुन्या तक्रारीचा नंबर टाका आणि 'पुन्हा तोच गुन्हा' असं लिहा, कारण ५० लाखांचा आकडा त्या 'पुन्हा'ला लागतो.